तिसरी खुर्ची

मानसोपचाराच्या कुठल्याही सरकारी ओपीडीत सकाळी जरा वेळ बाकावर बसलं की लक्षात येतं, इथे पेशंट क्वचितच एकटा येतो. केसपेपर भावाच्या हातात असतो, गोळ्यांची रिकामी पाकिटं आईच्या पिशवीत, आणि वडील रांगेत नंबर धरून उभे. डॉक्टर समोरच्या तरुणाला विचारतात, "काय त्रास होतोय?" उत्तर आईकडून येतं. "झोपतच नाही हो साहेब. रात्रभर येरझाऱ्या घालतो, स्वतःशीच बोलतो." डॉक्टर पुन्हा मुलाकडे वळेपर्यंत वडिलांनी मागच्या वर्षीची हकीकत सुरू केलेली असते. मुलगा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहतो. बाहेर गर्दी आहे, एकेकाला मोजकी मिनिटं मिळणार, तेव्हा आईचं ऐकणं सोयीचंच. पण त्या मिनिटांत केसपेपरवर जी 'हिस्टरी' लिहिली जाते, ती बऱ्याचदा घराला पेशंटबद्दल काय वाटतं त्याची हिस्टरी असते.

शहरातल्या खासगी थेरपिस्टकडचं चित्र याच्या अगदी उलट. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, बंद दार, आणि पन्नास मिनिटांचं सेशन. बरोबर आलेली आई किंवा नवरा बाहेर मोबाईल चाळत बसतो. दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय विचारलं त्यांनी?" नाहीतर "माझ्याबद्दल काही बोललीस का?" फी बहुतेक वेळा बाहेर बसलेल्यानेच भरलेली असते. ऑनलाइन सेशनमध्ये तर बाहेर आणि आत हा फरकही उरत नाही. वन-रूम किचनमध्ये राहणारी मुलगी गच्चीवर जाऊन, कुणी पार्क केलेल्या गाडीत बसून, कुणी नळ सोडून बाथरूममधून थेरपिस्टशी बोलतं.

संपादकांनी या अंकासाठी 'घर' हा विषय दिला तेव्हा नजर या दोन खोल्यांकडे गेली. एकीकडे घर इतकं आत आहे की पेशंटला जागाच नाही. दुसरीकडे ते कागदोपत्री बाहेर आहे आणि प्रत्यक्षात दाराला कान लावून आहे. आपल्याकडे या विषयावर वाद होतो तो 'नातेवाइकांना सेशनमध्ये घ्यावं की घेऊ नये' असा. मला हा वादच चुकीच्या जागी उभा वाटतो. घर उपचारात असतंच. ठरवायचं असतं ते इतकंच, की त्याला कुणाच्या परवानगीने, कोणत्या कामासाठी आणि किती वेळ बसवायचं. ही तीन उत्तरं आधी ठरलेली नसतील तर प्रेमाने आलेला माणूसही उपचार बिघडवू शकतो. ठरलेली असतील तर बऱ्याच आजारांत त्याच्या येण्याने औषधाला आणि एकट्याच्या बोलण्याला न जमणारं काम होतं. या म्हणण्याला पुरावा आहे, आणि तो बराचसा आपल्या आसपासचाही आहे.

फ्रॉइडने दार लावलं, पण...

दोनच खुर्च्यांची खोली आली व्हिएन्नाहून. पहिल्या महायुद्धाच्या काळात दिलेल्या व्याख्यानमालेत सिग्मंड फ्रॉइडने नातेवाइकांबद्दलची चीड लपवली नाही. शस्त्रक्रिया चालू असताना पेशंटचे घरचे टेबलाभोवती जमून प्रत्येक चिरेला ओरडू लागले, तर किती शस्त्रक्रिया यशस्वी होतील, असं त्याने श्रोत्यांना विचारलं होतं. त्याच्या अनुभवात तथ्य होतं. पेशंट बरा होऊ लागला की घरातली जुनी व्यवस्था हलते आणि ती हलू नये असं कुणाला तरी वाटत असतं. गप्प बसणारी सून बोलू लागली की सुधारणा कुणाची आणि बिघाड कुणाचा, यावर घरात एकमत होत नाही.

गंमत अशी, की फ्रॉइडच्याच सगळ्यात गाजलेल्या केसेसपैकी एकीत उपचार केले ते नातेवाइकाने. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या 'छोट्या हान्स'ची केस १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या उपचारादरम्यान फ्रॉइड मुलाला भेटला एकदाच. बाकी सगळं मुलाच्या वडिलांनी केलं. ते मुलाशी बोलत, टिपणं काढत आणि फ्रॉइडला कळवत. म्हणजे दार लावणाऱ्यानेही गरज पडली तेव्हा ते उघडलं होतं. मात्र शिष्यांनी उचलला तो दार लावण्याचा नियम.

पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत लंबक दुसऱ्या टोकाला गेला. घराला खोलीत बोलावलं गेलं खरं, पण आरोपी म्हणून. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनिया 'निर्माण करणाऱ्या' आईची कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं सुचवलं, की घरात सतत मिळणाऱ्या परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीतून हा आजार उपजत असावा. या मांडणीतून कुटुंबोपचाराची एक अख्खी शाखा उभी राहिली, आणि तिने बरंच उपयोगी कामही केलं. पण आईवडिलांमुळे स्किझोफ्रेनिया होतो, हे काही सिद्ध झालं नाही. तोवर हजारो आयांनी तो दोष पदरात घेतला होता. आजही एखादी आई थेरपिस्टसमोर बसल्याबसल्या "आमच्या संस्कारांतच काही चुकलं असेल" असं म्हणते, तेव्हा ती शेजारणींचं जसं ऐकून आलेली असते, तसंच नकळत या जुन्या सिद्धांताचंही.

अमृतसरचे तंबू

आपल्याकडे गोष्ट निराळ्या वाटेने घडली, आणि त्या वाटेला तत्त्वज्ञानापेक्षा टंचाई अधिक कारण होती. फाळणीनंतरच्या पंजाबात अमृतसरचं मनोरुग्णालय माणसांनी भरलेलं आणि कर्मचाऱ्यांविना होतं. १९५०च्या दशकात तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी लष्कराचे तंबू मिळवले, ते रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि पेशंटच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं. घरचे लोक जेवू घालत, अंघोळ घालत, रात्री सोबत झोपत. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून हा आजार म्हणजे काय, हे त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या श्रद्धांच्या आधाराने समजावत. परिणाम असा दिसला, की पेशंट लवकर घरी जाऊ लागले आणि घरी गेल्यावर टिकू लागले, कारण सांभाळायचं कसं हे घर शिकूनच परतत होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं, तेव्हा घरचं माणूस सोबत राहणं हीच तिथली रीत ठरली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये पुढे कुटुंबासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं.

या इतिहासाबद्दल बोलताना आपला आवाज जरा अभिमानाने चढतो. आपली एकत्र कुटुंबं, आपला जिव्हाळा वगैरे. तिथे थोडं थांबायला हवं. तंबू ठोकले गेले ते परिचारिका नव्हत्या म्हणून. घराला सोबत घेण्याची पद्धत आणि सरकारने अंग काढून घेण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. विद्यासागरांनी मात्र नातेवाइकाला फुकटचा वॉर्डबॉय करून सोडलं नाही. त्याला शिकवलं, त्याच्या प्रश्नांना वेळ दिला, आणि पेशंटसोबत काय करायचं ते नेमून दिलं. आजच्या अनेक वॉर्डांत 'सोबत एक नातेवाईक सक्तीचा' हा नियम आहे आणि हा दुसरा भाग गायब आहे. सोबत राहणारी म्हातारी आई दोन कॉटमधल्या जागेत चटई टाकून झोपते आणि डिस्चार्जच्या दिवशी तिला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या जातात. याला कुणी कुटुंबाचा सहभाग म्हणत असेल तर म्हणो बापडा.

आवाजाची पट्टी

घराचा परिणाम मोजता येतो का? लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी १९५०च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट टिपली होती. स्किझोफ्रेनियातून सावरून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या सविस्तर मुलाखती टेप केल्या. त्यात नुसते शब्द पाहिले नाहीत, तर आवाजाचा चढउतारही ऐकला. "तो उशिरा उठतो" हे वाक्य माहिती म्हणून उच्चारलं आहे की तक्रार म्हणून, हे मोजलं. टीका, शत्रुत्व आणि जिवाची घालमेल करून घेणारी अतिकाळजी ज्या घरांत जास्त, तिथे १९७२च्या अभ्यासात नऊ महिन्यांत ५८ टक्के पेशंट पुन्हा आजारी पडले. जिथे ती कमी, तिथे १६ टक्के.

हे आकडे वाचून पुन्हा घराला दोष द्यायचा मोह होतो. पण चिडचिड ही बऱ्याचदा आजाराने थकवलेल्या माणसाची असते. दिवसभर अंथरुणात पडून राहणं हे आजाराचं लक्षण आहे हे ठाऊक नसलं, की ते आळसासारखं दिसतं, आणि आळशी माणसावर माणूस ओरडतोच. म्हणून १९८२ मध्ये ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. अशीच ताणाखालची २४ घरं निवडली आणि त्यातल्या निम्म्या घरांना आजाराची माहिती, नातेवाइकांचा गट आणि घरी जाऊन बैठका असं सगळं दिलं. पेशंटची औषधं दोन्ही गटांत चालू होती. नऊ महिन्यांनी, मदत न मिळालेल्या गटातले निम्मे पेशंट पुन्हा आजारी पडले होते, मदत मिळालेल्या गटातला एक. प्रयोग छोटा होता, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण नंतरच्या अनेक प्रयोगांचा कल त्याच दिशेने राहिला आहे. घराचा सूर बदलता येतो, आणि तो बदलला की पेशंटला फरक पडतो.

तीच मोजपट्टी चंदीगडला लावली तेव्हा तिथल्या नातेवाइकांत टीका आणि अतिकाळजीचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. यावरून 'बघा, आपली कुटुंबं चांगली' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून वेगळं दिसतं. ज्या घरात टीका कमी आहे तिथेही पेशंटचं मत विचारलं जातं असं नाही. न रागावता, अतिशय मायेने, माणसाच्या आयुष्याचे सगळे निर्णय दुसऱ्याने घेणं आपल्याकडे जमतं, आणि ते टीकेच्या मोजपट्टीवर उमटत नाही.

महाराष्ट्राच्या अधिक जवळचा पुरावा गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथला आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवरचा हा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या दवाखान्यातल्या उपचारांखेरीज प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते पेशंट आणि घरचे दोघांसोबत बसायचे, औषधं, दिनक्रम, पुन्हा कामाला लागणं यावर बोलायचे. वर्षभरात लक्षणं आणि अपंगत्व या दोन्हींत दुसऱ्या गटापेक्षा सुधारणा दिसली. ती माफकच होती आणि कांचीपुरमच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक. माफक, हा शब्द मुद्दाम वापरला आहे. घराला सोबत घेतलं की चमत्कार होतो असं सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

"हात धुतलेस ना?"

घर सोबत घेणं म्हणजे सगळ्यांनी बसून मन मोकळं करणं, असा एक समज सिनेमांनी करून दिला आहे. प्रत्यक्षात उपयोगी पडतं ते बरंच कोरडं, नेमकं काम असतं. मंत्रचळाचं उदाहरण घेऊ, ज्याला आता सर्रास ओसीडी म्हणतात. मुलीला दाराच्या कडीचा, बाहेरून आलेल्या पिशवीचा, पैशांचा विटाळ वाटतो. ती आईला दिवसातून तीसदा विचारते, "तू हात धुतलेस ना?" आई सांगते, "हो गं, धुतले." वडील बाहेरून आले की थेट बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलतात. भाऊ तिच्या टॉवेलला हात लावत नाही. सगळे मायेने वागताहेत, आणि सगळे मिळून आजाराला खतपाणी घालताहेत. प्रत्येक "हो गं" पाच मिनिटांचा दिलासा देतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. ज्या घरात सोवळ्याओवळ्याची जुनी सवय आहे तिथे तर आजार कुठे सुरू झाला आणि रीत कुठे संपली हेच कळायला वर्षं जातात.

इथे थेरपिस्ट मुलीशी आठवड्यातून एकदा कितीही चांगलं बोलला, तरी उरलेला आठवडा घर उलटा धडा गिरवून घेतं. म्हणून आईवडिलांना बोलावलं जातं, तेही मुलीने होकार दिल्यावर आणि काम ठरवून. कुठली सवलत आधी बंद करायची हे मुलगी निवडते. समजा ठरलं, की हात धुतल्याबद्दलच्या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात दिवसातून दहाच वेळा उत्तर मिळेल. अकराव्या वेळी आईने काय म्हणायचं, तेही तिथेच ठरतं. "याचं उत्तर न द्यायचं आपण मिळून ठरवलंय, मी इथेच बसले आहे." आई हे वाक्य म्हणायचा सराव सेशनमध्येच करते, कारण घरी मुलगी रडू लागल्यावर ते सुचत नाही. न सांगता, एका सकाळी सगळ्या सवलती बंद करणारं घर उपचार करत नसतं, सूड घेत असतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर फक्त पालकांना भेटण्याची पद्धत बसवली. चिंतेने ग्रासलेल्या १२४ मुलांवरचा त्यांचा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मूल थेरपिस्टकडे न जाता केवळ आईवडील गेले, तरी मुलांना जवळजवळ तितकाच फायदा झाला, जितका मूल स्वतः उपचार घेतं तेव्हा होतो.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांच्या गटाने केलेलं कामही असंच व्यवहारी. सासूला जाऊन 'तुमच्या सुनेला नैराश्य आहे, तिला बोलू द्या' असं सांगितलं असतं तर दार बंद झालं असतं. आरोग्यसेविका घरात शिरल्या त्या बाळाच्या तब्येतीच्या निमित्ताने. बाळाचं वजन वाढायचं तर आईने जेवलं पाहिजे, झोपलं पाहिजे, तेव्हा रात्री दोन तास बाळाला कोण घेईल? सासू म्हणाली मी घेते. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या बायकांत २३ टक्क्यांना तीव्र नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना. तो अभ्यास २००८चा. पुढे याच पद्धतीचं, साध्या गृहिणींनी चालवलेलं रूप गोव्यातही वापरून पाहिलं गेलं. सासूशी मनोमीलन वगैरे काही झालं असेल-नसेल, तिला एक काम मिळालं आणि ते तिने केलं.

व्यसनाच्या बाबतीत हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, १९८६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात, दारू सोडायला आलेल्याच्या बायकोसाठी वेगळा गट आहे, 'सहचरी'. तिथे ती नवऱ्याची साक्षीदार म्हणून येत नाही. तिच्याही अंगवळणी पडलेल्या सवयी असतात. साहेबांना फोन करून त्याची रजा टाकणं, खिसे तपासणं, उधारी चुकवणं या गोष्टी ती घर वाचवण्यासाठी करत आलेली असते, आणि त्यातल्या काहींमुळे नवऱ्याचं पिणं सोपं होत आलेलं असतं. हे नवऱ्यासमोर तिला ऐकवलं तर तो आरोप होतो. त्याच परिस्थितीतल्या इतर बायकांमध्ये बसून तिला ते स्वतःच उमगू शकतं.

म्हणजे एकत्र बसणं हाच सहभाग, असंही नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात अन्न नाकारणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या उपचारात आईवडिलांनी जेवू घालण्याची जबाबदारी घ्यायची, असं तंत्र आहे. त्याचा अभ्यास करताना दिसलं, की ज्या घरांत पालकांची टीका तिखट, तिथे पालक आणि मुलगी यांना वेगवेगळं भेटल्याने जास्त फायदा झाला. माणसं तीच, आणि आईवडिलांवरची जबाबदारीही तीच. एकाच खोलीत बसवलं नाही, इतकाच फरक.

"सर, तिला सांगू नका"

आता सगळ्यात मोठा आक्षेप. नातेवाईक आला की गुप्तता गेली, आणि गुप्तता गेली की पेशंट खरं बोलणार नाही. आक्षेप खरा आहे. फक्त, नातेवाइकाला बाहेर ठेवल्याने गुप्तता राखली जाते, हे आपल्या परिस्थितीत खरं नाही. सेशनच्या आदल्या रात्री थेरपिस्टच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. "सर, ती पुन्हा त्या मुलाला भेटते आहे. मी सांगितलं असं तिला सांगू नका." या एका मेसेजने थेरपिस्ट अडकतो. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याबद्दल बोलली नाही तर तिच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला आता निराळा लागणार. त्याने विषय काढला तर तिला कळणार की आई मागच्या दाराने येते. माहिती कानावर आली, ती परत करता येत नाही.

यावर जाणत्या थेरपिस्टांनी शोधलेला उपाय साधा आहे. पहिल्याच भेटीत, सगळ्यांसमोर, नियम सांगायचा. इकडून तिकडे काय जाईल हे फक्त पेशंट ठरवेल. घरच्यांनी काहीही कळवावं, पण 'तिला सांगू नका' ही अट चालणार नाही. फी जो भरतो, त्याचा माहितीवर हक्क नाही. फिनलंडच्या उत्तर भागात, टोर्निओ गावाच्या परिसरात याक्को सेइक्कुला आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याहून पुढचा पल्ला गाठला. मानसिक आजाराच्या उद्रेकात पहिल्यांदा मदत मागितली गेल्यावर चोवीस तासांच्या आत पेशंट आणि त्याची जवळची माणसं यांची बैठक भरवायची, आणि पेशंटविषयी जे काही बोलायचं ते त्याच्या समोर. डॉक्टरांची आपसातली चर्चासुद्धा त्याच खोलीत. आपल्या ओपीडीत 'जरा बाहेर बस हां' असं पेशंटलाच सांगून घरच्यांशी बोललं जातं, त्याच्या हे बरोबर उलट आहे. संशयाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला बाहेर बसवून आत कुजबुजणं, हे उपचाराचं तंत्र म्हणून कुणाला सुचलं असेल, कोण जाणे.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. अपवाद मोजके आहेत, जसे जिवाला धोका किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता. आईची काळजी हा अपवाद त्यात नाही. अठराच्या आतल्या मुलांची गोष्ट वेगळी, तिथे पालकांना कायद्यानेच स्थान आहे. पण पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरच्या सेशनमध्ये काय झालं हे वडिलांना फोनवर सांगणारा समुपदेशक कायद्याच्या कसोटीवर टिकणारा नाही, वडील कितीही भले असोत.

जिथे ती खुर्ची नसावी

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. घरच मारतं, तेव्हा काय? 'नवराबायकोला एकत्र बसवून समजूत काढू' ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि पोलीस ठाण्यापासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत ती सगळीकडे चालते. मार खाणारी बाई नवऱ्याच्या शेजारी बसून खरं बोलणार नाही. बोललीच, तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. म्हणून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्रात बाईशी आधी एकटीशीच बोललं जातं. नवऱ्यासोबतची बैठक तिला हवी असेल तरच होते, तीही हिंसा थांबवण्याच्या मुद्द्यावर. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या २००६च्या नियमांत तर स्पष्ट आहे, की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही. जोडप्याला एकत्र भेटण्याआधी दोघांना एकेकटं भेटून मारहाणीबद्दल विचारणं, ही थेरपिस्टची किमान पायरी असायला हवी. ती न गाठता 'कपल थेरपी' देणाऱ्याकडे जाऊ नये, असं मी सरळ म्हणेन.

तसंच समलिंगी मुलामुलींचं. पालक त्यांना 'सरळ करून द्या' म्हणून घेऊन येतात आणि पहिल्या सेशनला शेजारी बसतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरी मागणी थांबलेली नाही. इथे आधी मुलाला एकट्याने बोलायला मिळणं महत्त्वाचं. पण याच पालकांसाठी पुढे खुर्ची लागते, ती वेगळ्या खोलीत आणि त्यांच्या स्वतःच्या धक्क्यासाठी. मुंबईत 'स्वीकार' हा अशा पालकांचा गट आहे. तिथे पालकांना समजावतात ते त्याच वाटेने आधी गेलेले पालक.

तिसरा आक्षेप शहरी तरुण थेरपिस्ट घेतात. आधीच आपल्याकडे माणसाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, त्यात पुन्हा घरच्यांना आणून बसवायचं? याचं उत्तर मला 'कुणाला' या प्रश्नात सापडतं. जवळचं माणूस म्हणजे आईवडील आणि जोडीदारच, हे कुणी ठरवलं? हॉस्टेलची रूममेट, ऑफिसातली सहकारी, धाकटी मावशी, शेजारच्या काकू यांच्यापैकी कुणाला बोलवायचं हे पेशंटने निवडणं, हाच त्याच्यासाठी निर्णय घेण्याचा सराव ठरू शकतो. चाळीस वर्षांचा एखादा पुरुष 'कुणालाच बोलवायचं नाही' असं म्हणतो, तेव्हा तो निर्णयही मानायला हवा. त्याला कुणीच का आठवत नाही, हा पुढच्या सेशनचा विषय असू शकतो.

सांभाळणाऱ्याचं

पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये, म्हणजे 'सा'मध्ये, पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये ही संस्था उभारली ती कॅनडात पत्नीचा आजार सांभाळण्याच्या अनुभवातून. तिच्या स्वमदत गटांत शुभंकरांचे प्रश्न ऐकले की कळतं, खोलीतल्या त्या खुर्चीवर बसणाऱ्याला स्वतःलाच कुणीतरी ऐकणारं हवं असतं. बहुतेक घरांत ही व्यक्ती बाई असते, आणि वयाने वाढलेली. "माझ्यानंतर याचं कोण करणार?" हा तिचा प्रश्न मुलाच्या सेशनमध्ये विचारायचा नसतो. तिथे तो विचारला गेला तर मुलगा स्वतःला ओझं समजून परततो. तिच्यासाठी वेगळी वेळ, वेगळा समुपदेशक किंवा असा गट मिळाला, तरच ती मुलाच्या खोलीत मदतनीस म्हणून बसू शकते. वेळ आणि पैसा नाही, हे सरकारी ओपीडीचं उत्तर मला मान्य आहे. पण गटासाठी एक खोली आणि आठवड्यातून एक दुपार लागते. सातारा-गोव्यातलं काम दहावी-बारावी शिकलेल्या, प्रशिक्षित माणसांनीही होतं, हे आता ठाऊक आहे.

राहता राहिली एक कामाची गोष्ट. २०१७च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, उद्या मानसिक आजारात आपल्या उपचारांच्या निर्णयात कुणाची साथ हवी, हे अठरा वर्षांवरील प्रत्येकाला आजच ठरवता येतं. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. कुणाचं नाव दिलेलं नसेल, तर कायदा आधी नातेवाइकाकडे जातो. जिवलग मैत्रीण किंवा मित्र हवा असेल तर ते आधीच लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरतो. त्या व्यक्तीला विचारून घ्यावं, कारण वेळ येईल तेव्हा तिलाही उपचार करणाऱ्यांकडे लेखी होकार द्यावा लागतो. आणि एकदा दिलेलं नाव केव्हाही बदलता येतं.